एक्कावन्न बिरुदं आणि निळा दिवा

उग्रसेन महाराजांचा बिनतारी कंट्रोलर काही केल्या संगणकाला जोडला जाईना. तीन दिवस पडद्यावर खेळातल्या शत्रूचा किल्ला तसाच उभा, आणि हातात कंट्रोलर घेऊन महाराज सिंहासनावर तसेच बसलेले.

काम तसं सोपं होतं. प्रधान धोंडोपंतांनी संगणकावर ‘नवे यंत्र शोधा’ दाबायचं, निळा दिवा लुकलुकू लागायचा, आणि तो विझायच्या आत महाराजांनी कंट्रोलरची कळ दाबायची. पण महाराजांनी बोट हलवण्याआधी चोपदाराने सगळी बिरुदं पुकारावीत, असा त्या दरबाराचा शिरस्ता. धोंडोपंत दाबत, चोपदार बाळोजी एकवीस बिरुदं पुकारी, मग महाराज दाबत. दिवा पंधराव्या बिरुदालाच विझलेला असे.

“संगणक रुसला आहे,” राजपंडितांनी चार ग्रंथ चाळून निदान केलं. “बिरुदं कमी पडतात.”

इतक्या विद्वत्तेपुढे कोण बोलणार? एकवीसची एक्कावन्न झाली. आता उरलेली छत्तीस विझल्या दिव्यापुढे पुकारली जाऊ लागली. ‘बिरुदं जरा लांबली’ असं पुटपुटलेला कारकून सध्या सीमेपलीकडे भाजी विकत होता.

चौथ्या दिवशी महाराज म्हणाले, “दोष चोपदाराच्या उच्चारांत आहे. आज जोडणी झाली नाही, तर बाळोजी राज्याबाहेर. एकही बिरुद गळता कामा नये, आणि बिरुदं संपल्याशिवाय माझं बोट हलणार नाही.”

बापाच्या बसलेल्या घशासाठी गरम पाणी घेऊन आलेली मैना खांबाआडून हे ऐकत होती. तिने तांब्या खाली ठेवला आणि पुढे झाली.

“महाराज, एक विचारू?”

“विचार. सामान बांधायला वेळ हवा असेल, तर दिला.”

“आपली स्वारी शिकारीहून परतते, तेव्हा वेशीचा दरवाजा कधी उघडतात?”

“मी वेशीपाशी पोचलो, की.”

“आणि आपण रानात असतानाच कुणी उघडला, नि आपण पोचायच्या आत लावूनही घेतला तर?”

“त्याला हत्तीच्या पायी देईन.”

“मग प्रधानजींना जरा जपून राहायला सांगा.”

धोंडोपंतांनी हत्तीखान्याच्या दिशेने पाहिलं.

“म्हणजे बिरुदं लांब आहेत म्हणतेस?” राजपंडितांनी मोठ्या आशेने विचारलं.

“छे हो, पंडितजी. बिरुदं महाराजांना शोभणारीच आहेत. दिव्याला तेवढा दम नाही. आबा आधी पन्नास पुकारतील. एक्कावन्नावं तोंडात असताना प्रधानजींनी दाबावं, ते संपताच महाराजांनी.”

तसं केलं. दिवा स्थिर झाला. पडद्यावरचा सैनिक महाराजांच्या हुकमाची वाट पाहू लागला.

महाराजांनी तलवार चालवायची ठरवली. बाळोजीने पुकारायला सुरुवात केली. नवव्या बिरुदाला शत्रूने सैनिकाचं मुंडकं उडवलं. दुसरा सैनिक सातव्याला पडला, तिसरा पाचव्याला.

“पोरी, आता काय करू?” महाराज हताश झाले. “शिरस्ता तर मोडता येत नाही.”

“मोडूच नका, महाराज. आबांचं पुकारून होईपर्यंत तलवार उचलायची नाही, असं शत्रूला फर्मान धाडा. एक्कावन्न बिरुदांचा राजा आपण. तो ऐकेलच की.”

महाराजांनी मैनेकडे पाहिलं, पंडितांकडे पाहिलं, आणि असे हसले की कंट्रोलर हातातून निसटला. बिरुदं रोज सकाळी एकदाच पुकारावीत, असा हुकूम सुटला. बाळोजीला चोपदारी कायम आणि महिनाभर घशाला विश्रांती मिळाली, मैनेला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, आणि त्या महिन्यात एक्कावन्न बिरुदं पुकारायचा मान राजपंडितांना.