पाचवी गाठ

फार फार पूर्वी, माणसं वेळ घंटेवर मोजायची त्या काळात, एका राजवाड्याच्या दारावर एक घंटेवाला होता. पहारेकऱ्यानं वरून बोटं दाखवायची आणि यानं तितके टोल हाणायचे. तीन बोटं, तीन टोल. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. आपल्या डोक्यानं एखादा टोल जास्त हाणावा, असं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

बायको मात्र तल्लख होती. घंटेच्या जिन्याखालच्या खोलीत दोघांचा संसार झाला. तिथं ऊन यायचं ते वीतभर. बायकोनं फुटक्या मडक्यात तुळस लावली होती, आणि ऊन सरकेल तसं ती ते मडकं दिवसभर सरकवत असायची. घंटेवाल्याला ते बघून फार वाईट वाटायचं.

"एक दिवस तुला बाग करून देईन," तो म्हणायचा.

"द्या हो. तोवर हे मडकं जरा इकडं घ्या," ती म्हणायची.

हात थकले तेव्हा राजानं त्याला एका गावात बिघाभर शेत आणि शेजारीच लहानसं घर दिलं. शेतात ज्वारी उभी होती. घंटेवाल्याला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. काढणी झाली की मोगरा लावायचा, जाई लावायची, चारी बाजूंनी कुंपण घालायचं आणि मधे झोपाळा टांगून बायकोला त्यावर बसवायचं, एवढंच त्याला ठाऊक. गावकरी म्हणाले, "बाबा, शेताची खाजगी बाग करायची तर कचेरीची परवानगी लागते." मग काय, गेला बिचारा कचेरीत.

"काय लावणार?" कारकुनानं विचारलं.

"मोगरा."

"विकायला?"

"छे, छे. बायकोसाठी."

"म्हणजे केळीची बाग असते, तशी नव्हे?"

"नव्हे."

"पानमळा?"

"नव्हे हो."

"विकणार नाही, खाणार नाही, मग त्या फुलांचं करणार काय?"

"वास घेणार," घंटेवाला म्हणाला.

कारकुनानं चोपडी पुढून चाळली, मागून चाळली. वास घेण्याचं कलम काही सापडेना. शेवटी तो म्हणाला, "असू दे. पाच गाठी आणा, परवानगी देतो."

आता या गाठींचं असं होतं. त्या राज्यात होकार कागदावर घेत नसत. कागदावर काय, कोणीही काहीही लिहितं! ज्याचा होकार हवा त्यानं आपल्या शेतातली मूठभर माती फडक्यात घालायची आणि स्वतःच्या हातानं गाठ मारून द्यायची. एक गाठ म्हणजे एक होकार.

"पण माझ्या शेताला बाजू चार," घंटेवाला म्हणाला. "शेजारी चार. पाचवी गाठ कुणाची?"

"ते मला काय माहीत? माझ्या आजोबांपासून पाचच लागतात. चार चालत नाहीत."

घंटेवाल्याचा उजवा हात आपोआप वर गेला. गोंधळला की त्याचं असं व्हायचं. हात टोल हाणायला उठायचा आणि किती हाणायचे ते कळेना म्हणून तसाच हवेत राहायचा.

चार गाठी मिळाल्या, पण त्यांनीही डोकं पिकवलं. पूर्वेचा म्हणाला, उंच झाडं लावू नका, माझ्या मिरचीवर सावली पडेल. पश्चिमेचा म्हणाला, चांगली उंच लावा, माझ्याकडं येणारा वारा अडेल. उत्तरेचा कुंपणाला हो म्हणाला आणि लगेच विचारू लागला, की मग माझे बैल तुमच्यातून जाणार कसे? घंटेवाला सगळ्यांना "बरं" म्हणाला. चाळीस वर्षं त्याला तेवढंच येत होतं.

राहिली पाचवी. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे. कोणी म्हणालं, गावदेवीची असेल. कोणी म्हणालं, विहिरीची. एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं की पाचवी आभाळाची, आणि आभाळाची माती कुठून आणायची ते मात्र सांगितलं नाही. घंटेवाल्याची मती पार गुंग झाली. एकीकडं ज्वारीची काढणी उरकत आली होती, आणि बायको दारात उभी राहून रोज विचारत होती, "काय हो, मिळाली का परवानगी?"

दक्षिणेचा शेजारी मोठा हुशार. त्याची स्वतःची बाग होती, पुरुषभर उंच कुंपणाची. तो म्हणाला, "अहो भोळे की काय तुम्ही? आपल्याच शेतातली माती घ्या, आपणच गाठ मारा. मी तेच केलं. कारकून काय माती चाखून बघतो?"

घंटेवाल्याला हायसं वाटलं. कोणीतरी एकदाचं बोट दाखवलं होतं! त्यानं आपल्याच शेतातली मूठभर माती बांधली, पाचही गाठी खांद्यावर टाकल्या आणि कचेरीकडं निघाला.

वाट त्याच्याच शेतातून जात होती. ज्वारी निघाली होती, कडबा रचून झाला होता. मोकळ्या रानात एक म्हातारी वाकून वाकून चालत होती आणि मातीतून काहीतरी उचलून ओटीत टाकत होती.

"काय हरवलं बाई तुमचं?" त्यानं विचारलं.

म्हातारी हसायला लागली. "हरवलंय कशाचं! सरवा येचतेय. काढणीत कणसं पडतात, ती गरिबानं येचायची. शहरातलं दिसताय तुम्ही." मग ती म्हणाली, "ह्या रानाचं नवं मालक तुम्हीच व्हय? औंदा काय पेरणार?"

"पेरणार नाही. बाग करणार. कुंपण घालून."

म्हातारीचा हात थांबला. तिनं विचारलं, "कुंपणाला दार असंल का?"

"असेल की. म्हणजे... आमच्यापुरतं."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

घंटेवाल्याला पुढं जाता येईना. "बाई, तुमच्यासारखे कितीजण येतात इथं?"

"सात घरं हायेत. पावसाळ्यापर्यंत निघतं त्यावर. माझी सासूबी हितंच येचायची."

"मग माझ्या बागेला तुमची हरकत असेल."

"अगं बाई! मला कोण इचारतंय?"

घंटेवाल्याचा हात वर गेला होता, तो खाली आला. त्यानं पाचवी गाठ सोडली, आतली माती आपल्याच शेतात झटकली आणि रिकामं फडकं म्हातारीपुढं धरलं. "मी विचारतोय. तुमचं नाव काय?"

"साळूबाई." ती फडक्याकडं बघत राहिली. "पण मी माती कुठली देऊ बाबा? पायाखालचीबी तुमचीच हाय."

मग तिनं ओटीतली कणसं हातावर चोळली आणि मूठभर दाणे फडक्यात टाकून गाठ मारली. "करा बाग. मालकीणबाईंना फुलं आवडत असतील. आमी बघू दुसरं रान."

कचेरीत कारकुनानं गाठी सोडल्या. माती, माती, माती, माती आणि ज्वारी! तो उठूनच उभा राहिला. "पाच लागतात एवढं आजोबांनी सांगितलं," तो हळूच म्हणाला, "का लागतात ते सांगायचंच राहिलं." त्यानं परवानगीवर शिक्का मारला.

घंटेवाल्यानं परवानगी घरी आणली. हवं ते मिळालं होतं, आणि तरी आनंद का होत नाही ते त्याला कळेना. त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

बायको अशी संतापली, की विचारू नका! "त्या माउलीनं आजची भाकरी तुम्हाला दिली आणि तुम्ही ती कचेरीत ठेवून आलात? माझ्या नावानं?"

"अगं, पण तुझी बाग..."

"चाळीस वर्षं मी वीतभर उन्हात तुळस जगवली. मला बिघाभर रान कशाला लागतं? मोगरा बांधावर होत नाही का?"

"मग आता मी काय करू?"

"आधी ती मूठ परत आणा."

घंटेवाला पुन्हा कचेरीत. "ही परवानगी घ्या आणि ती ज्वारी द्या."

"परवानगी परत घ्यायची रीतच नाही!" कारकून किंचाळला. "कुठल्या चोपडीत लिहू मी हे?"

पण त्यानं गाठ दिली. घंटेवाल्याच्या बायकोनं ती स्वतः नेऊन साळूबाईच्या ओटीत घातली, वर आपल्या घरची दोन पायली ज्वारी घातली, आणि दोघी बराच वेळ बोलत बसल्या.

पुढच्या साली शेतात पुन्हा ज्वारी झाली. बांधावर चहूकडं मोगरा आणि जाई, आणि कोपऱ्यातल्या कडुनिंबाला झोपाळा. काढणी झाल्यावर कारकून पाहणीला आला. बघतो तर सात घरच्या बायका सरवा वेचतायत, प्रत्येकीच्या अंबाड्यात फूल, आणि झोपाळ्यावर घंटेवाल्याच्या बायकोशेजारी साळूबाई पाय हलवत बसलेली. दक्षिणेकडच्या उंच कुंपणावरून हुशार शेजारी टाचा उंचावून बघत होता. त्याच्या बागेत चिटपाखरूही नव्हतं.

कारकुनानं चोपडी उघडली. डोकं खाजवलं. "अहो बाबा, मी याला शेत लिहू की बाग?"

यावेळी घंटेवाल्याचा हात काही वर गेला नाही. "तुम्हाला वाटेल ते लिहा," तो म्हणाला. "फक्त कुंपण नाही, एवढं नक्की लिहा."

तात्पर्य काय, तर ज्याच्या नावावर मूठभर मातीही नाही, त्याला विचारायचं आपल्याला सगळ्यात शेवटी सुचतं. खरं तर त्यालाच सगळ्यात आधी विचारावं.