मुलाम्याचं गिरमिट

“यातलं कोणतं चांगलं, बाबा? तुम्हीच सांगा.”

प्रणोतीने तीन हत्यारं तकियाच्या, म्हणजे फकिराच्या मठीच्या, ओट्यावर मांडली. एक साधं खुरपं. एक पोलादी नळी, मऊ जमिनीत दाबली की आतली माती घेऊन वर येणारी. आणि एक पिळाचं गिरमिट, कमरेएवढं उंच, चांदीसारखं लखलखणारं.

कादरबाबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी हत्यारांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“जेवली काय वं?”

“बाबा, मी काय विचारतेय!”

“मी बी विचारतच हाय.”

फकीर होण्याआधी कादरबाबा संत्र्यांच्या मुलखात गावोगाव भांड्यांना कल्हई करत फिरत. एक दिवस भाता बंद केला आणि या ओट्यावर येऊन बसले, ते बसलेच. प्रणोती वानखडे लहानपणी इथेच बसून पाढे पाठ करायची. आता ती तालुक्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत साहेब होती.

खरं तर तिचं ठरलेलं होतं. बाबांनी नुसतं ‘हाव’ म्हणावं, एवढ्यासाठी ती आली होती.

“गिरमिटच घेणार आहे मी,” ती म्हणाली. “गावोगावी मातीचे नमुने काढणाऱ्या माणसांसाठी चाळीस मागवायचीत. कागद तयार आहे, उद्या सही. मुरमाड जमिनीतसुद्धा सरळ आत जातं. वरून जस्ताचा मुलामा आहे, गंज चढत नाही. आमची बाग सुकत चाललीय, तिथली मातीही यानेच काढली मी.”

“काय निघालं?”

तिचा आवाज जरा उतरला.

“सगळं आहे मातीत. जस्त तर भरपूर. म्हणजे मुळंच सडली असणार. काकाजींना सांगितलं, झाडं काढून टाका. शुक्रवारी तोडणारे येतायत.”

शेंग सोलणारी बोटं थांबली.

“तुह्या मायची झाडं?”

“...हो.”

संत्र्याची दोनशे दहा झाडं होती. पहिले दोन उन्हाळे तिच्या आईने डोक्यावर हंडे वाहून ती जगवली होती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

“पानं कशी हायत?”

“बारीक. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. कुणीही पाहून म्हणेल, जस्त कमी पडतंय. मलाही आधी तेच वाटलं. पण आकडा तसं म्हणत नाही, बाबा. मी दोनदा तपासला.”

“झाड एक सांगते. आकडा दुसरं.”

“झाडाला काय कळतं!” ती हसली. हसू फार टिकलं नाही.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले.

सकाळी गावातून कुणीतरी पितळेच्या गडव्यात ताक आणून दिलं होतं. अर्धं त्यांनी मडक्यात ओतून ठेवलं होतं, अर्धं गडव्यातच राहिलं होतं. ते दोन्ही घेऊन बाहेर आले. गडवा तिच्यापुढे केला.

“जिभेला लाव. गिळू नोको.”

तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि लगेच थुंकली.

“कळकलंय! फेकून द्या हे ताक.”

“ताकात काय खोट हाय?”

त्यांनी मडक्यातलं ताक वाटीत ओतून दिलं. ती घाबरत घाबरत एक घोट प्यायली. मग सगळी वाटी प्यायली. गार होतं, गोड होतं.

“हे?”

“हे छान आहे.”

“एकाच घरचं हाय. एकाच रवीखालचं.”

“अहो, गडव्याची कल्हई उडालीय ना! पितळ उतरलं त्यात. ताक बिचारं काय करेल? हे तर तुम्हीच मला लहानपणी...”

ती बोलता बोलता थांबली.

बाबांनी गिरमिट उचललं, मांडीवर आडवं घेतलं आणि पिळावरून अंगठा फिरवत टोकापर्यंत नेला. वर सगळं लखलखत होतं. टोकाशी मात्र चार बोटं काळपट लोखंड उघडं पडलं होतं.

“येथची चकाकी कुठं गेली वं?”

“मुरमाने घासली.”

“हाव. पन गेली कुठं?”

तिने त्या उघड्या लोखंडावर स्वतःचं बोट फिरवलं.

“मातीत,” ती हळूच म्हणाली. “माझ्या नमुन्याच्या पिशवीत... बाबा, मी बागेतलं जस्त मोजलंच नाही. मी माझ्या गिरमिटाचं मोजलं.”

आणि तिला रडू फुटलं. एवढी मोठी साहेब, पण पाढे चुकल्यावर रडायची तशीच रडली.

बाबांनी सोललेले तुरीचे हिरवे दाणे तिच्या ओंजळीत ओतले.

“खाय. उपाशी मानसाले रडू लवकर येते.”

त्या संध्याकाळी ती काकाजींपुढे उभी राहिली. चाळीस गिरमिटांच्या कागदावर सही न करणं सोपं होतं. हे अवघड होतं.

“काकाजी, शुक्रवारचं थांबवा. मला पंधरा दिवस द्या.”

“काऊन? तूच तर म्हटलं होतं, तोडा म्हनून.”

“म्हटलं होतं. मी चुकले.”

काकाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुतणीच्या तोंडून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“पंधरा दिवस,” ते म्हणाले. “सोळावा नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने बांबूची एक कामटी तासून घेतली. बागेत ठिकठिकाणी कुदळीने खड्डे केले. जिथे कुदळ लागली होती तो थर कामटीने खरवडून टाकला आणि आतली कोरी माती त्याच कामटीने प्लास्टिकच्या घमेल्यात घेतली. हाताला फोड आले. माती सावलीत वाळवली, लाकडी ठोकळ्याने कुटली, तपासली.

जस्त नावालाच होतं.

झाड पहिल्यापासून तेच सांगत होतं.

पंधरा दिवसांच्या आत तिने नवा आकडा काकाजींपुढे ठेवला आणि तोडणी टळली. तिने पानांवर जस्ताची फवारणी केली, मुळांशी जस्त दिलं आणि रोज पहाटे बागेत जाऊन उभी राहू लागली. महिनाभराने नवी पालवी फुटली. रुंद होती. हिरवी होती. काकाजी दिवसातून तीनदा उगाचच बागेत चक्कर मारायला लागले.

फाल्गुनात ती कोवळ्या पानांची एक डहाळी घेऊन तकियावर आली. बाबांनी पान चुरगळून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

“तुही माय हसत असन,” ते म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी बसली.

“सगळी नवी हत्यारं बिनमुलाम्याची मागवली,” मग ती सांगू लागली. “लोखंड नाहीतर जस्त मोजायचं असेल, तिथे नुसती बांबूची कामटी. गावोगावच्या माणसांना मी स्वतः जाऊन शिकवलं. आता माझ्या हातून अशी चूक होणं शक्य नाही, बाबा. हत्यार कसं निवडायचं, ते मला पुरतं कळलं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत माया होती आणि थोडं हसूही होतं.

“माती काढून झाली का काय करतं तू?”

“हात धुते. सगळेच धुतात.”

“सगळे काम झाल्यावर धुतात,” बाबा म्हणाले. “हात बी हत्यारच हाय. तू आधी धुत जाय, बेटा.”