वाटणातलं दगडफूल

“पण सर, एकच नमुना वगळला तर काय बिघडतं?”

मकरंदनं टिपणीस सरांना विचारलं. यकृताच्या गाठी तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. मकरंद त्यांचा शेवटचा विद्यार्थी. सोमवारी प्रबंध द्यायचा होता.

“बाकी सगळे आलेखात चपखल बसतात. गाठ पसरवणारी जनुकं जितकी सक्रिय, बोलकी, तितका आजार जहाल. हा एकटा अडुसष्ट नंबर आडवा येतो. जनुकं गप्प, आणि बाई चार महिन्यांत गेल्या.”

“मग खोटं कोण बोलतंय? जनुकं की बाई?”

“मेणात जपलेला जुना तुकडा आहे सर. खराब झाला असणार.”

“त्यातली जनुकं वाचलीस कशी?”

“नेहमीसारखीच. अख्खा तुकडा वाटून. सगळ्या पेशींची मिळून सरासरी.”

“वाटून...” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. “कॉलेजात असताना रविवारी आमच्याकडे जेवायला यायचास. काकू तुला आमटीतलं वाटण ओळखायला लावायची.”

मकरंदला हसू आलं. “खोबरं, धणे, मिरी... मी धडाधड सांगायचो. आणि काकू म्हणायच्या, ‘दगडफूल राहिलं, शास्त्रज्ञबुवा!’ दर वेळी.”

“दर वेळी.”

काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्यामागे ते रविवारही गेले.

सर उठले. गाठीचा पातळ काप लावून स्वतः रंगवलेली एक काच त्यांनी कपाटातून काढली, लेबल न बघता, आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली.

“तुझाच अडुसष्ट. जनुक जिथं बोलत असेल, तिथली पेशी तपकिरी दिसेल.”

“कुठंच नाही सर. सगळं फिकट आहे.”

“कडेला जा.”

मकरंदनं काच सरकवली. अजून थोडी...

मग त्याचा हात थांबला. गाठीच्या अगदी कडेला मूठभर पेशी गडद तपकिरी होत्या. तिथून त्या रक्तवाहिनीत शिरत होत्या.

“एवढ्याशाच?”

“एवढ्याशाच. वाटणात हरवल्या.”

मकरंदनं डोळा बाजूला घेतला. काचेच्या लेबलवर नंबराखाली साल होतं. ते साल तो विसरला नव्हता.

“सर... या काकू?”

 सरांनी काच उचलली आणि ते रुमालानं तिची कड हळूहळू पुसत राहिले.

“नाही वगळत,” मकरंद म्हणाला.

“आज दगडफूल ओळखलंस. ती असती तर तिनं आणखी एक वाटी आमटी वाढली असती.”