वाटी राहू दे

एका घाटाच्या पायथ्याशी, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि पुढे केवळ धीर सुरू होतो, तिथे एकदा एक वृद्ध वस्ताद राहत असत. पन्नास वर्षे त्यांनी गाड्यांची चाके उघडली होती आणि मिटली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, बोटे मात्र अजून पाहत असत. त्यांच्या हाताखाली पुष्कळ जण शिकले. त्यांतला एकच शेवटपर्यंत टिकला, त्याचे नाव संपत. त्याने चाळिशी ओलांडली होती, त्याचे स्वतःचे गॅरेज होते, तरी अवघड काम निघाले की तो वस्तादांच्या ओसरीवर येऊन बसे.

डोंगरापलीकडे चार वाड्या होत्या. तिकडे रस्ता असा नव्हताच. दोन ओढे, एक खिंड आणि मधे सगळी दगडधोंड्यांची वाट. त्या वाटेने जाणारे वाहन एकच, लष्कराच्या लिलावातून आणलेला, चारही चाकांना जोर असलेला उंच जुना ट्रक. धान्य त्यातून जाई, औषधे त्यातून जात, वऱ्हाडही त्यातूनच जाई. त्या ट्रकची देखभाल संपतकडे होती आणि ती त्याच्या अभिमानाची गोष्ट होती. अभिमान वाईट असे मी म्हणत नाही. त्याला अधूनमधून उघडून पाहावे लागते, एवढेच.

भाद्रपदाच्या अखेरीस धनगरवाड्यावरच्या बिरू कोकरेची बायको हौसाबाई हिला भर दुपारी नाग चावला. ट्रक त्या दिवशी वरच होता. तिला मागच्या हौद्यात निजवून, चार माणसे सोबत घेऊन ट्रक निघाला. दुसऱ्या ओढ्याच्या ऐन मध्यावर पुढचे उजवे चाक किंचाळले, डगमगले आणि जाम झाले. ट्रक पाण्यात उभा राहिला. माणसांनी हौसाबाईला घोंगडीच्या झोळीत घालून खांद्यावर घेतले आणि उरलेली वाट पळत काढली. डांबरी रस्ता दिसू लागला तेव्हा झोळीत बोलणारे कोणी उरले नव्हते.

चाकातली बेरिंग पंधरा दिवसांपूर्वीच बदललेली होती आणि बदलली होती संपतने. लोकांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "माल खोटा निघाला." हे वाक्य सर्वांच्याच सोयीचे ठरले. खोटा माल बनवणारा कुठे तरी दूर असतो, त्याला तोंड नसते, त्याला मनसोक्त शिव्या देता येतात. बिरूनेही दिल्या. दोन महिने ट्रक गॅरेजपुढे विटांवर उभा होता आणि संपत त्याच्याकडे पाठ करून दुसऱ्या गाड्या उघडत होता.

अखेर चारही वाड्यांनी सांगितले, आता सर्वांत टिकाऊ असेल ती बेरिंग आणून घाला. संपत तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, पुण्यालाही जाऊन आला. एका सकाळी तीन खोकी घेऊन तो वस्तादांच्या ओसरीवर चढला आणि गोणपाटावर तीन बेरिंगा ओळीने मांडल्या.

"वस्ताद, ही परदेशी, सगळ्यांत भारी. ही मधली आपल्याकडचीच, पण नावाजलेली. अन् ही तिसरी नवी कंपनी हाय, म्हणत्यात की चिखलपाण्याला हिच्यासारखी न्हाई. तुम्ही हात लावा अन् सांगा, कुठली टिकंल? आता चुकायला नगो."

वस्तादांनी परदेशी बेरिंग उचलली. तिच्यावरचा तेलकट कागद सोडवला. रोलर एकदा बोटाने फिरवून कानाशी नेले आणि मान हलवली. मग अंगणात बांधकामासाठी आणून टाकलेल्या रेतीच्या ढिगाकडे त्यांनी ती बेरिंग फेकून दिली. एवढ्यावर न थांबता काठी टेकत खाली उतरले आणि पायाने ती रेतीत चांगली घोळवली.

संपत ताडकन उठला. "वस्ताद! काय केलंत हे?"

"दुखलं?"

"दुखंल न्हाई तर काय? कोरी करकरीत बेरिंग. चाकाचं तोंडबी पाहिलं न्हवतं तिनं."

"मग उचल. फडक्यानं पूस, वरून ग्रीस भर अन् बसव चाकात."

"रेती गेली की ओ आत. दोन खेपासुद्धा निघायच्या न्हाईत."

"सगळ्यांत भारी म्हणालास ना?"

"भारी असून काय उपेग? धावायची जागाच खराब झाल्यावर..." संपत बोलता बोलता थांबला. का थांबलो हे त्याचे त्यालाही नीट कळले नाही.

वस्ताद पुन्हा ओसरीवर येऊन टेकले. "जा. त्या जाम झालेल्या चाकाचं हब घेऊन ये."

संपत गेला. चाकाच्या मधोमध असते ते जड पोकळ हब गॅरेजच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेले होते. दोन महिन्यांत त्याने ते पोते एकदाही उचलले नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. ज्या वस्तूत आपल्या चुकीचा पुरावा असतो तिच्यावर माणूस आधी पोते टाकतो आणि मग पसारा फार झाला म्हणून तक्रार करतो.

चाकाच्या या बेरिंगचे दोन भाग असतात. रोलरांचा आतला भाग हाताने सुटा होतो. ते रोलर ज्या पोलादी कडीत धावतात तिला गॅरेजात वाटी म्हणतात, आणि ती हबच्या पोटात ठोकून घट्ट बसवलेली असते. ती काढायची तर आडवी पहार लावून, एक ठोका या बाजूला, एक त्या बाजूला, असे तासभर सबुरीने ठोकावे लागते. म्हणून घाईच्या वेळी मिस्त्री रोलर नवे टाकतो आणि वाटी जुनीच राहू देतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. बेरिंग नवी टाकली, हे म्हणणेही अर्धे खरेच असते.

वस्तादांनी हबच्या पोटात तर्जनी घातली आणि डोळे मिटून सावकाश गोल फिरवली. एका जागी बोट थांबले. "तुझं बोट दे," ते म्हणाले. त्यांनी संपतचे नख त्या जागेवर टेकवले. नख खरखरले. पोलादाला देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे पडले होते.

"ही वाटी कधीची?"

"जुनी."

"अन् रोलर?"

"नवे. तुमची शपथ, नवे कोरे टाकले हुते."

"मग माल खोटा कसा?"

संपतने बोट बाहेर काढून फडक्याला पुसले. मग खाली मान घालून, पण थोड्या रागानेच म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत मला. माझं पहिलं वरीस हुतं. वरातीची गाडी खोळंबलेली, अन् तुम्ही म्हणालात, 'वाटी राहू दे.' त्या दिवसापास्नं मी राहू देत आलो."

हे ऐकून वस्तादांचा चेहरा उतरला. अंगणातल्या रेतीकडे, म्हणजे त्यांना दिसत असेल त्या धूसर उजेडाकडे, ते पाहत राहिले. मग हळू बोलू लागले.

"म्हणालो हुतो. आठवतंय मला. पण म्हणायच्या आधी मी आत बोट घातलं हुतं, संपत. अख्खी फिरवून पाहिली. आरशासारखी गुळगुळीत हुती, म्हणून म्हणालो. तू माझा शब्द उचललास, बोट बघितलं न्हाईस. अन् मीबी घाईत हुतो, ते बोट तुझ्या हातात दिलं न्हाई. तेवढा वाटा माझा. तो मी तुझ्याकडं ढकलणार न्हाई, तू तुझा माझ्याकडं ढकलू नगंस." त्यांनी हब बाजूला सारले. "आता ऐक. त्या रोलरांत खोट न्हवती. तू त्यांना खड्ड्यात धावायला लावलंस. रेतीत फेकलेली बेरिंग बघून तुझा जीव कळवळला, कारण ती डोळ्यांदेखत फेकली. चाकातली ती दुसरी तू झाकून फेकलीस. आता तू गावोगाव टिकाऊ बेरिंग हुडकत फिरतोयस. ह्या तिन्हींतली कुठलीबी टिकंल. पण जे हातानं सुटतं तेवढंच बदलशील, तर जगातली एकबी टिकायची न्हाई."

"बाई गेली, वस्ताद," संपत म्हणाला आणि त्याला रडू फुटले. चाळिशीचा माणूस ओसरीवर हुंदके देत होता आणि वस्तादांनी त्याला गप्प केले नाही. तिचा जीव वाचलाच असता असे कोणी म्हणू शकत नाही. पण वाचला नसता असेही आता संपतला म्हणता येणार नव्हते. हेच त्याचे खरे दुःख होते.

उन्हे चढल्यावर वस्ताद म्हणाले, "मधली घे. वाटीसकट, चारी जागी, चिखलपाणी अडवणारी सीलबी नवी टाक. दोन मैल चालवून उतर अन् हबवर तळहात ठेव. हात ठेववला तर काम बरोबर, चटका बसला तर परत उघड. अन् ती रेतीतली धुऊन दारात टांग. चाकात घालू नगंस."

संपतने तो सगळा दिवस वाट्या काढण्यात घालवला. उजव्या चाकाची वाटी निघता निघेना. निघाली तेव्हा ती त्याने भंगारात टाकली नाही, फडक्यात बांधली. पहिल्या खेपेला ट्रक धनगरवाड्यावर थांबला आणि तो बिरूच्या खोपटापुढे जाऊन उभा राहिला.

"बिरूदा, माल खोटा न्हवता." त्याने फडके सोडून वाटी पुढे केली आणि जे घडले ते सगळे, हबवर तळहात ठेवून पाहायच्या खुणेसकट, सांगितले.

बिरूने वाटीत बोट फिरवले. त्याला कोणी शिकवले नव्हते, तरी त्याचे नख बरोबर त्या जागी थांबले. बोट तिथेच ठेवून तो म्हणाला, "हे कशाला सांगितलंस, मेस्त्री? माल खोटा निघाला म्हणून दोन म्हयनं मी कसाबसा निभावत हुतो. आता शिव्या कुणाला देऊ?"

"मला द्या."

बिरूने शिव्या दिल्या नाहीत. त्याने क्षमाही केली नाही. वाटी घेऊन तो आत गेला आणि ताटी ओढून घेतली. संपत परतला तेव्हा त्याच्या मनावरचे ओझे हलके झाले नव्हते. फक्त ते आता दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हते.

पश्चात्ताप झाला की माणूस नव्याचा शोध घेऊ लागतो. त्याने आधी आत बोट घालून पाहावे, एवढेच या गोष्टीचे सांगणे.

त्यानंतर तीन आठवडे बिरू ट्रककडे फिरकला नाही, बाजारालाही पायी गेला. चौथ्या आठवड्यात तो लोकरीचे गाठोडे घेऊन वाटेवर उभा दिसला. ट्रक थांबला. चढण्यापूर्वी बिरू पुढच्या उजव्या चाकाशी वाकला, हबवर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग काही न बोलता मागे चढला. तेव्हापासून प्रत्येक खेपेला तो असेच करतो. लोकांना वाटते, बिरू गाडीच्या पाया पडतो. आता प्रत्येक खेपेला सोबत जाणारा संपत मात्र बिरू हात उचलेपर्यंत खाली उतरून उभा राहतो.