अबोलीचे पहिले वॅफल

निळसर टेकडीच्या कुशीत, जिथे पहाटेचे धुके गुलाबाच्या पाकळ्यांवर येऊन विसावते, तिथे एक मोठी फुलबाग होती आणि बागेच्या अगदी टोकाला एक इवलीशी झोपडी होती. झोपडीत अबोली आणि तिचे बाबा, भानुदास माळी, असे दोघेच राहत. बागेत जांभळी, केशरी, दुधी रंगांची फुले दाटीवाटीने फुलत. झोपडीतल्या भांड्यात मात्र तांदळाची पातळ पेज असे, आणि अलीकडे तीही तशीच उरू लागली होती.

त्याला कारण होते. मागच्या थंडीत बाबांना खोकल्याने बेजार केले, तेव्हा एक अनोळखी फिरस्ता दारात आला. त्याच्या झोळीत सोन्यासारखी चमचमणारी पूड होती आणि जिभेवर साखर होती. अबोलीनेच ती पूड पाण्यात कालवून बाबांना दिली. खोकला गेला नाहीच, पोट मात्र पार बिघडले. दूध, तूप, तेल, अंडे काहीच सोसेना. फिरस्ता पुन्हा दिसला नाही. तेव्हापासून बाबा प्रत्येक घास उजेडात धरून निरखत, त्याचा वास घेत आणि बहुधा ताट बाजूला सारत. ते दिवसेंदिवस वाळत चालले होते. अंगणातल्या झारीचेही ओझे त्यांना उचलवेना.

आणि अबोली? तिने मनाशी एक गोष्ट पक्की ठरवून टाकली होती: जे चमकते त्याच्या जवळ जायचे नाही. गवतावरच्या दवबिंदूंकडेसुद्धा ती जरा बाजूनेच पाही.

एका कोवळ्या सकाळी ती बागेपलीकडच्या जमिनीच्या तुकड्यात बागमालकाच्या घोड्यांसाठी पेरलेला ओट कापत होती. पोपटी पाने वाऱ्यावर झुलत होती आणि फिकट सोनेरी लोंब्या नाजूक घुंगरांसारख्या हलत होत्या. एका झुबक्यात मुनियेचे चिमुकले घरटे होते. अबोलीने रोजच्यासारखा तेवढा झुबका सोडून विळा पुढे नेला. तेवढ्यात त्या झुबक्यातून रुपेरी प्रकाश उमलला आणि बोटभर उंचीची एक परी लोंबीवर येऊन बसली. तिचे पंख ओटाच्या टरफलासारखे पातळ होते आणि ते लखलखत होते.

अबोली तत्काळ मागे सरली.

"घाबरू नकोस, बाळ," परी म्हणाली. "मी ओटपरी. तू हा झुबका रोज सोडतेस, ते मी पाहते. तुला एक इच्छा द्यायला आले आहे."

"तुम्ही चमकता," अबोली म्हणाली.

"ते माझ्या पंखांतच आहे. काढून ठेवता येत नाही."

"मग तिथेच बसा. जवळ येऊ नका. इच्छेच्या बदल्यात काय घ्याल?"

"काहीच नाही."

"तो माणूसही असंच म्हणाला होता."

परीने कोणता माणूस ते विचारले. अबोलीने सगळे सांगितले, पण बोलताना विळा हातातून खाली ठेवला नाही. परीने शांतपणे ऐकून घेतले.

"तर मग तुला काय हवं?"

अबोलीने बराच विचार केला. मोठे काही मागावे तर त्यात फसगतही मोठी असणार. "बाबांनी सकाळी पोटभर खावं. एवढंच."

परीने पंख हलवले. गवतावर एक लोखंडी साचा प्रकटला. आतून चौकोनी खाचा असलेल्या दोन तव्या एकमेकींवर मिटलेल्या, आणि धरायला लांब दांडा. "यात ओटाचं वॅफल कर. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं खणाखणांचं. मात्र तीन नियम आहेत. तेल, तूप, दूध, अंडं यांतलं काही घालायचं नाही. साच्यातून वाफ येणं आपोआप थांबेपर्यंत तो उघडायचा नाही. आणि बाबांच्या आधी त्याचा कणही कुणी चाखायचा नाही. यांतला एक नियम मोडला तरी इच्छा गेली."

"पहिला नियम का?"

"तुझ्या बाबांचं पोट नाजूक आहे. त्यांना हलकंच हवं."

हे खरे होते. "दुसरा?"

"ते साच्यापाशी बसलीस की सांगेन."

"आणि तिसरा?"

"तो नियम आहे," ती म्हणाली.

अबोलीने भुवया आवळल्या. तिने साचा उचलला, उलटासुलटा करून पाहिला, दगडावर आपटून पाहिला, राखेने तीन वेळा घासला आणि मगच तो चुलीपाशी नेला.

ओटाचे दाणे तिने स्वतः कांडले, स्वतः पाखडले, जात्यावर भरड दळले. जवसाची पूड पाण्यात भिजवताच ती बुळबुळीत झाली. अंड्याशिवाय पीठ धरून ठेवायला ती पुरेशी आहे, असे परी खिडकीच्या चौकटीवरून म्हणाली. पिकलेले केळे कुस्करून घातले, चिमूटभर मीठ, दालचिनीची किंचित पूड, जरासा खायचा सोडा आणि त्यावर लिंबाचे थेंब पिळताच पीठ हलकेच फसफसले.

"हे फसफसणं कशाचं?" अबोलीने डाव हातात घट्ट धरला.

"लिंबू आणि सोडा भेटले की असंच होतं. माझा त्यात हात नाही. आता पीठ थोडं राहू दे. ओट पाणी पिऊन फुगेल."

भिंतीपाशी चटईवर पडलेल्या बाबांनी मान वळवली. "कुणाशी बोलतेस गं?"

"परीशी."

"चमकते का?"

"हो, बाबा."

"मग हाकलून दे. आणि तो घोड्यांचा चारा कशाला शिजवतेस? मी अजून खिंकाळायला लागलो नाही."

परीला हसू आले. अबोलीला आले नाही. तिने तापलेल्या साच्यात इडलीच्या पिठाइतके दाट झालेले पीठ ओतले आणि साचा मिटला. पांढरीशुभ्र वाफ सळसळत बाहेर पडू लागली. दालचिनीचा गोड वास झोपडीभर दरवळला. पण साच्याच्या फटीतून एक सोनेरी रेघही लुकलुकली. परीने आत काही टाकले तर नाही? अबोली वाट पाहू शकली नाही. तिने झटकन साचा उघडला.

आत पूड नव्हती. विस्तवाचा उजेड ओल्या पिठावर पडला होता, इतकेच. वॅफल मात्र मधोमध फाटले होते. अर्धे वरच्या तवीला चिकटले होते आणि अर्धे खालच्या.

"नियम मोडला," ती पुटपुटली. "इच्छा गेली?"

"कारण सांगायचं मीच विसरले होते," परी हळुवारपणे म्हणाली. "म्हणून ही चूक माझ्या खात्यावर मांडू, इच्छा गेली नाही. वाफ म्हणजे आतलं पाणी. ते पुरतं निघून गेल्याशिवाय बिनतेलाचं पीठ साच्याला सोडत नाही."

अबोलीला हे पटले. तिने साचा स्वच्छ खरवडला, बोटाला लागलेला कणही न चाखता पुसून टाकला आणि पुन्हा पीठ ओतले. या वेळी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. वाफ दाट होती, मग विरळ झाली, मग तिचा एकच नाजूक धागा उरला, आणि तोही विरला. तिने साचा उघडला. तांबूस, खुसखुशीत, खणाखणांचे वॅफल अलगद ताटात उतरले.

ती ताट घेऊन बाबांपाशी गेली. बाबांनी सवयीने हात पुढे केला, वॅफल उजेडात धरण्यासाठी.

आणि अबोलीने ताट मागे घेतले. तिने वॅफलचा एक कोपरा मोडला.

"अबोली," परी म्हणाली, "इच्छा जाईल. ती मला परत आणता येणार नाही."

"जाऊ दे. या नियमाचं कारण तुम्ही सांगितलं नाहीत." तिने तो कोपरा बोटांत घट्ट धरला. "मागच्या वेळी मी आधी चाखून पाहिलं नव्हतं. बाबांनाच दिलं होतं."

तिने तुकडा तोंडात टाकला. परीच्या पंखांवरचे तेज मंद झाले, राखेतल्या निखाऱ्याएवढे उरले. अबोली ताट मांडीवर घेऊन बसून राहिली.

"किती वेळ बसणार आहेस?" बाबांनी विचारले.

"मला काही होतंय का ते बघते."

"होतंय?"

"नाही. पण अजून खावंसं वाटतंय."

बाबा कोपरावर भार देऊन उठून बसले. "इकडे आण."

"गार झालं असेल."

"असू दे. तू खाल्लंस ना, मग मला कशाची भीती?"

त्यांनी ते उजेडात धरले नाही, वास घेतला नाही. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि ताट पुसून घेतल्यासारखे रिकामे झाले. "घोडे मजेत असतात म्हणायचे," ते म्हणाले. "अजून आहे का?"

अबोली पीठ ओतायला धावली. डोळ्यांत पाणी आल्याने तिला साचा नीट दिसत नव्हता.

"मी काहीच केलं नाही," परी खिडकीतून म्हणाली. "त्यांची भूक गेली नव्हती, भरवसा गेला होता. तो माझ्या जादूत नव्हता. तो तिसरा नियम मला थोरल्या पऱ्यांनी दिला, आणि मी त्याचं कारण कधी विचारलंच नाही. साचा तुझ्याकडेच राहू दे. आणि ओटाच्या शेताला मी सांगून ठेवते, तुझ्या घरासाठी त्याने कधी हात आखडायचा नाही."

अबोली पहिल्यांदाच तिच्या अगदी जवळ गेली. पंखांचा मंद उजेड तिच्या गालावर पडला, आणि ती मागे सरली नाही. "परीताई, एक खाऊन जाता का?"

"परीने माणसाच्या घरचं खायचं नाही, असा नियम आहे."

"का?"

परी विचारात पडली. तिने छताकडे पाहिले, चुलीकडे पाहिले, चटईवरून उत्सुकतेने मान उंचावलेल्या बाबांकडे पाहिले. मग तिने इवलासा हात पुढे केला आणि गरम वॅफलचा मोहरीएवढा कण उचलून तोंडात घातला. तिचे पंख शुभ्र, केशरी, गुलाबी असे एकदमच उजळले, झोपडीचा कोपरा न् कोपरा प्रकाशाने भरून गेला, आणि प्रकाश ओसरला तेव्हा खिडकीत फक्त सकाळ होती.