सातव्या प्रश्नाचं उत्तर

मठाच्या परीक्षेची उत्तरं ठरलेली आहेत, ती बरोबर का, हे कधीही विचारायचं नाही. माळावरच्या मठाच्या पाठशाळेत देवयानी शिकवायला आली त्या दिवशीच, अजून खुर्चीत टेकलीही नव्हती तेव्हा, तिला हा नियम सांगण्यात आला. तिने मान डोलावली होती. पहिलीच नोकरी होती.

आता आठ महिन्यांनी ती नागनाथअप्पांच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती.

"मग बरोबर उत्तराला शून्य का, अप्पा?"

अप्पा बाजेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. ऐंशी वर्षांचा गुडघा. चाळीस वर्षं त्यांनी याच पाठशाळेत शिकवलं होतं, आणि देवयानीला वर्गावर कसं उभं राहायचं तेही त्यांनीच शिकवलं होतं.

"आत ये. दारात उभं राहून भांडू नये, वारं लागतं."

ती आत आली. हातात दोन कागद होते. एक कस्तुराची उत्तरपत्रिका, दुसरा तिने स्वतः लिहिलेला अर्ज.

कस्तुरा अकरा वर्षांची. आईबाप ऊसतोडीला गेलेले. परीक्षेत पास झालेल्या पोरांनाच मठाच्या वसतिगृहात पुढचं वर्ष मिळायचं. नापास झालं की गाठोडं बांधायचं आणि थेट फडावर.

"वाच," अप्पा म्हणाले.

देवयानीने वाचलं. "प्रश्न सातवा. थोरल्या महाराजांनी पौष सप्तमीला उपास का केला? उत्तर. महाराजांनी उपास केला, कारण घरात पीठ नव्हतं. पोथीच्या बत्तिसाव्या पानावर लिहिलं आहे, 'पाहुण्यास भाकर दिली. मडक्यात पीठ उरले नाही. महाराज पाणी प्याले व निजले.' शेवटची भाकर त्यांनी दुसऱ्याला दिली, म्हणून ते उपाशी राहिले."

"चार ओळी?"

"चारच. आधी आपलं म्हणणं, मग पोथीतली ओळ, मग त्या ओळीवरून ते कसं ठरतं ते. आठ महिने घसा फोडलाय मी. आधी काय लिहायची पोरं, ठाऊक आहे ना? महाराजांनी विहीर का खोदली? कारण ते थोर होते. महाराज गाव सोडून का गेले? कारण ते थोर होते. महाराजांना ताप का आला?"

"थोर होते म्हणून," अप्पा म्हणाले. "एकदा मी त्यालाही गुण दिलेत."

देवयानीला हसू आलं नाही.

"पंचांच्या यादीत उत्तर आहे, लोककल्याणासाठी. कस्तुराने ते लिहिलं नाही, म्हणून शून्य, आणि त्या शून्याने ती नापास. वर कारभारी तात्या म्हणतात, पोरीने महाराजांना भिकारी ठरवलं. दुपारी बैठक आहे. गुणपत्रकावर माझी सही हवी आहे त्यांना."

"आणि तो दुसरा कागद?"

"अर्ज. बैठकीत वाचणार आहे."

अप्पांनी हात पुढे केला. चष्मा शोधला, तो गळ्यातच होता. अर्ज पानभर होता. अप्पांनी तो सावकाश वाचला, मग कोनाड्यातून पेन्सिल घेतली.

"पंचमंडळी मुलींना पुढे येऊ देत नाहीत, असं लिहिलंयस. कशावरून?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"उपास कशासाठी, तेही सगळ्यांना माहीत आहे."

तिने उत्तरपत्रिकेची घडी घातली.

"गेल्या दहा वर्षांत किती मुली नापास झाल्या? किती मुलगे? कपाटात याद्या आहेत. पाहिल्यास?"

"... नाही."

अप्पांनी ओळ खोडली.

"पुढे लिहिलंयस, तात्यांनी जन्मात पोथी उघडलेली नाही. तू पाहिलंस?"

"अप्पा, त्यांच्याकडे बघून कुणीही सांगेल."

"माझ्याकडे बघून लोक म्हणतात, हा फार उपास करत असेल. मला मधुमेह आहे."

तीही ओळ गेली. अप्पा घाई करत नव्हते. एक ओळ वाचायची, तिच्याकडे बघायचं, थांबायचं, खोडायची. देवयानीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एम.ए.ला पहिल्या वर्गात आलेली मुलगी ती, निबंधस्पर्धांची बक्षिसं घरात मावत नव्हती, आणि हा म्हातारा तिचा अर्ज पहिलीच्या पाटीसारखा पुसत सुटला होता.

"घ्या, सगळाच खोडा," ती म्हणाली. "तुम्हीही त्यांच्यातलेच."

अप्पांनी कागद परत दिला. एक ओळ उरली होती. *कस्तुराचं उत्तर पोथीच्या बत्तिसाव्या पानावर आहे.*

"एवढंच?"

"एवढंच तुझ्याजवळ आहे."

बाहेर स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजल्याचा वास सुटला होता. आज तीच सप्तमी. मठात सकाळपासून उपासाची धांदल होती. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा शिरा. गाव वर्षभर या दिवसाची वाट पाहायचं.

अप्पा उठले. भिंतीला धरून कपाटापर्यंत गेले आणि एक पिवळी पडलेली वही घेऊन आले.

"पंचांची यादी या वहीवरून उतरवलेली आहे. बघ."

देवयानीने सातवा प्रश्न काढला. लोककल्याणासाठी. अक्षर गोल, टपोरं. मगाशी अर्ज खोडणाऱ्या हाताचं.

तिने वर पाहिलं.

"मी लिहिलं," अप्पा म्हणाले. "तुझ्याच वयाचा होतो. उत्सवात पहिली दहा पानं वाचायची आणि शेवटचं पान वाचून आरती करायची, हीच इथली पद्धत. मधली पानं कुणी उलटत नाही. मीही उलटली नाहीत. लोक म्हणाले लोककल्याण, मी लिहिलं लोककल्याण."

"कधी कळलं मग?"

"तू पोथीची झेरॉक्स काढून वर्गात वाटलीस तेव्हा. एक प्रत मीही घेतली."

देवयानी वहीकडे बघत राहिली. पन्नासेक वर्षांत शिकून गेलेली पोरं. पाठ केलेलं एक वाक्य.

"मग सोपं आहे. दुपारी तुम्ही सांगा पंचांना. तुमचा शब्द खाली पडत नाही तिथे."

"नाही पडत."

"तुम्ही सांगितलं की मानतील."

"मानतील," अप्पा म्हणाले. ते बाजेवर पुन्हा बसले, फार लांबून चालत आल्यासारखे. "मी सांगितलं म्हणून मानतील. पान वाचून नाही..."

देवयानीला पुढे बोलायचं होतं. पण अप्पांनी डोळे मिटले होते.

बैठक सभामंडपात भरली. पंच पाच, सगळे साठीपलीकडचे. मधोमध भुजंगतात्या, मठाचे कारभारी. चौरंगावर लाल फडक्यात गुंडाळलेली मूळ पोथी, वर ताजी फुलं. अप्पा खांबाला टेकून बसले होते, सकाळपासून नुसत्या पाण्यावर. पंचांची खिचडी नुकतीच झाली होती, आणि सगळ्यांच्या पापण्या जड होत्या.

तात्यांनी गुणपत्रक पुढे सरकवलं.

"म्याडम, सातव्यापुढं शून्य मांडा अन् सही करा. उरकून टाकू."

"कस्तुराचं उत्तर पोथीच्या बत्तिसाव्या पानावर आहे," देवयानी म्हणाली.

एवढंच बोलून ती थांबली. जीभ शिवशिवत होती. खोडलेल्या सगळ्या ओळी तोंडात आल्या होत्या. तिने त्या गिळल्या आणि कस्तुराचं उत्तर वाचलं, चारही ओळी, न थांबता.

"म्हणजे थोरल्या महाराजांच्या घरात खायला नव्हतं म्हणून हा उपास?" दुसरे एक पंच म्हणाले. "अन् आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धरतोय तो काय?"

"मी तसं म्हटलेलं नाही. पान काय म्हणतं ते वाचलं."

"झेरॉक्सचं पान," तात्या म्हणाले. "लई शिकलेल्या आहात म्याडम, पण अजून वर्ष झालं नाही तुम्हाला इथं."

"मूळ पोथी समोर आहे, तात्या. फडकं सोडा."

"ती आज उत्सवाला सुटते. वादाला नाही."

गाठीला कुणी हात लावला नाही. एका पंचाने ढेकर दिला आणि ओशाळून तोंडावर उपरणं धरलं.

तात्यांनी दीर्घ श्वास घेतला. ते चिडलेले नव्हते, थकले होते. वर्षानुवर्षं उत्सव, वसतिगृह, भांडणं, सगळं त्यांच्याच डोक्यावर.

"हे बघा म्याडम, कस्तुराशी माझं वैर नाही. पण एकीचं उत्तर बदललं, की उद्या सगळ्यांचं बदलावं लागतं. गावाला मी काय सांगू? अप्पा, तुम्ही बोला. तुमच्यापुढं आम्ही कोण? तुम्ही म्हणाल ते."

सगळे अप्पांकडे वळले. देवयानीही वळली. एक शब्द. एका शब्दात पोरगी वसतिगृहात राहिली असती.

अप्पा बोलले नाहीत.

"बघा," तात्या म्हणाले. "अप्पांनाही हे पटलेलं नाही. करा सही."

देवयानीने पेन उचललं. गुणपत्रकावर कस्तुराचं नाव होतं, त्यापुढे रिकामा चौकोन. तिला अप्पांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने चौकोनात चार लिहिले. चारपैकी चार. खाली सही केली आणि कागद फिरवून तात्यांपुढे ठेवला.

"हे खोडा अन् दुसरं लिहा," तात्या म्हणाले.

"नाही."

"नोकरी जाईल."

"जाईल. तुम्ही खोडू शकता. मी खोडणार नाही."

"अप्पांनी सांगितलं तर?"

देवयानीने खांबाकडे पाहिलंही नाही.

"अप्पांनी सांगितलं तरी नाही. पानावर तसं नाही."

अप्पांना असं बोललेलं त्या पाच जणांनी आजवर ऐकलं नव्हतं. तात्यांनी एकदा अप्पांकडे पाहिलं, एकदा चौरंगाकडे. त्यांचा हात फडक्याच्या गाठीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मग खांबाशी हालचाल झाली. अप्पा सरळ बसले होते. चेहऱ्यावर तोच शीण होता, आणि त्यातून काहीतरी वर येत होतं, हसू म्हणावं इतपत.

"तात्या," ते म्हणाले, "मला भूक लागलीय. बत्तिसाव्या पानावरची."