धाकू गुरवाचा कौल

एक होता गुरव. धाकू त्याचं नाव. खाडीच्या काठावर गावदेवाचं देऊळ होतं, तिथे तो पूजा करायचा. माणूस फार मऊ, बरं का. पायाखाली मुंगी आली तरी हळहळायचा.

त्या देवळात कौल लावायची रीत होती. देवाच्या दगडी छातीवर दोन्ही बाजूंना फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही म्हणाला. एकही पडली नाही, तर वाट बघत बसायचं. पेरणी असो, सोयरीक असो, कौल घेतल्याशिवाय त्या गावात काही होत नसे.

धाकूला एक बहीण होती, मंजुळा. खाडीपलीकडे दिलेली. एकदा काय झालं, ती माहेरी आली आणि आईच्या पाट्या-वरवंट्यावरून दोघं भांडली. पाटा तो केवढा, आणि भांडण केवढं!

धाकू म्हणाला, "उचलवत असेल तर ने डोक्यावर."

"नको मला. बस तूच चटणी वाटत!" असं म्हणून मंजुळा रडत होडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूच्या छातीत काहीतरी टकटक करायला लागलं. जा, तिची समजूत काढ. मग तो उठला. पण गुरव ना तो! सरळ होडीकडे जाईल कसा? देवळात गेला, पाकळ्या लावल्या. "देवा, जाऊ का?" संध्याकाळपर्यंत वाट बघितली, पाकळी काही पडली नाही. मग धाकू घरी आला.

मग दिवाळी आली. भाऊबीज. पलीकडे मंजुळा पाट मांडून, रांगोळी घालून बसली होती. इकडे छातीत पुन्हा टकटक. धाकू नवं धोतर नेसला आणि देवळात गेला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. डावी पाकळी पडली. मग धाकूने नवं धोतर सोडून ठेवलं.

मग एका सकाळी होडीवाला बुधाजी धावत आला.

"धाकूभाऊ, मंजुळाबाय अंथरुणाला खिळलीय. दादा दादा करतेय. चल, पाणी आहे तोवर!"

"आलोच. तेवढा कौल लावतो."

"अरे, बहिणीकडे जायला कसला कौल? ओहोटी काय तुझ्या पाकळीसाठी थांबणार आहे?"

आता छातीत टकटक नव्हती रे बाळांनो, नुसते धक्के बसत होते. पण देवाने नाही म्हटलं तर काय, या भीतीने धाकू पाकळ्या पुन्हा पुन्हा भिजवत राहिला. पाणी जास्त लागलं. पाकळ्या घट्ट चिकटल्या. तो बघत बसला, बघतच बसला. ऊन चढलं. खाडीचं पाणी उतरलं. बुधाजीची होडी चिखलात रुतली.

भरती आल्यावर धाकू पलीकडे पोचला. मंजुळा गेली होती. तिची सून दारात उभी होती. ती म्हणाली, "मामा, दुपारपर्यंत दाराकडेच डोळे होते त्यांचे."

धाकू परत आला तो तडक देवळात. देवापुढे बसून खूप रडला. "देवा, एकदा हो म्हणाला असतास!"

आणि काय सांगू, दगडातला देव बोलला. अगदी हळू. "धाकू, पाकळी कोण पाडणार? त्या वेळी मी इथे होतो कुठे? तुझ्या छातीत बसून मी तुला ढकलत होतो. तीन वेळा ढकललं. तू मलाच तिथे थांबवून इथे विचारायला आलास."

बहुतेक देवालाही वाईट वाटलं असावं.

धाकूने पूजा सोडली नाही. रोज देवाला आंघोळ घालायचा, फूल वाहायचा. पण कोणी कौल घ्यायला आलं, की पाकळी हातातच धरून विचारायचा, "बाय, तुझे पाय कुठे निघाले होते?" कोणी म्हणे लेकीकडे, कोणी म्हणे रुसलेल्या जावेकडे. "मग जा की!" धाकू म्हणायचा. माणसं जायची. घराघरांतली भांडणं मिटायची. सगळं गाव सुखात नांदू लागलं. धाकूही नांदला, जमेल तसा.

झोपा आता. आज कोणाशी कट्टी झाली असेल, तर तसंच निजू नका. हात लांब करा, त्याच्या अंगावर ठेवा. हं, अस्सं. मिटा डोळे.